कॅल्डेकॉट पदक

कॅल्डेकॉट पदक हा मुलांच्या चित्रपुस्तकांतील चित्रांसाठी दिला जाणारा अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठेचा पुरस्कार आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनतर्फे तो १९३८ पासून दरवर्षी दिला जातो.

वेगळ्या पुरस्काराची गरज

अमेरिकेत बालसाहित्यासाठी न्यूबेरी पदक १९२२ पासून दिले जात होते. पण ते लेखनासाठी. ज्या मुलांना अजून अक्षरओळख नसते, ती गोष्ट समजून घेतात चित्रांतूनच. तरीही चित्रकाराच्या वाट्याला असा मान येत नव्हता. म्हणून न्यूबेरी पदक सुचवणाऱ्या फ्रेडरिक मेल्चर यांनीच १९३७ मध्ये हे दुसरे पदक सुचवले. पहिले पदक डोरोथी लॅथ्रॉप यांना ‘अ‍ॅनिमल्स ऑफ द बायबल’ या पुस्तकासाठी मिळाले.

नाव कोणाचे?

रँडॉल्फ कॅल्डेकॉट (१८४६–१८८६) हे इंग्रज चित्रकार. बँकेतील नोकरी सोडून ते चित्रकलेकडे वळले. शब्दांत नसलेला प्रसंगही ते चित्रातून सांगत. आधुनिक चित्रपुस्तकाच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते. पदकावर त्यांच्याच चित्रातील, उधळलेल्या घोड्यावरचा जॉन गिल्पिन कोरलेला आहे.

निकष

पुस्तक आदल्या वर्षी अमेरिकेत प्रकाशित झालेले असावे आणि चित्रकार अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा. गोष्ट दुसऱ्याने लिहिली असली तरी पदक चित्रकारालाच मिळते. पानांची मर्यादा नाही. ब्रायन सेल्झनिक यांच्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्युगो कॅब्रे’ या पाचशेहून अधिक पानांच्या पुस्तकाला २००८ मध्ये पदक मिळाले. पदकाखेरीज काही पुस्तकांची ‘ऑनर बुक’ म्हणूनही निवड होते.

भारतीय कथा

मार्शिया ब्राऊन यांना १९६२ मध्ये ‘वन्स अ माऊस’साठी पदक मिळाले. ऋषी उंदराला मांजर, कुत्रा आणि शेवटी वाघ बनवतो व तो उन्मत्त होताच पुन्हा उंदीर करतो, ही हितोपदेशातील कथा त्यांनी लाकडी ठशांच्या चित्रांतून मांडली. मराठी वाचकांना ती ‘पुनर्मूषको भव’ म्हणून परिचित आहे. ब्राऊन यांना हे पदक एकूण तीनदा मिळाले.

चित्रांत कोणती मुले दिसतात?

पदक सुरू झाल्यानंतर पंचवीस वर्षे उलटली, तेव्हा कुठे कृष्णवर्णीय मूल नायक असलेल्या पुस्तकाला ते मिळाले. १९६३ मध्ये पदक मिळालेले हे पुस्तक म्हणजे एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’. लाल कपड्यांतला पीटर त्यात शहरातल्या बर्फात खेळतो, एवढीच गोष्ट आहे. कीट्स स्वतः गौरवर्णीय होते. कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी लिओ डिलन यांना १९७६ मध्ये पत्नी डायन यांच्यासह पदक मिळाले, तर एकट्याने ते मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय चित्रकार जेरी पिंकनी यांचे वर्ष २०१० उजाडले. अमेरिकेच्या मूळ रहिवासी समाजातील चित्रकाराला, मिकेला गोएड यांना, हा मान २०२१ मध्ये प्रथमच मिळाला.