आणीबाणी आली, हे ठरवणार कोण?

स्पर्धा परीक्षेची पोरं एक ओळ घोकतात: आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करायची तरतूद आपण जर्मनीच्या वायमार राज्यघटनेवरून घेतली. एक मार्क मिळतो, विषय संपतो. त्या तरतुदीनं जर्मनीत काय केलं, ते मात्र गाईडमध्ये नसतं.

तिथलं कलम ४८. सुव्यवस्था धोक्यात आली की राष्ट्राध्यक्षानं लष्कर वापरावं, सात मूलभूत हक्क गुंडाळून ठेवावेत. धोका आहे का, हेही त्यानंच ठरवायचं. संसदेला नंतर आदेश रद्द करायला लावता यायचं, पण संसदच बरखास्त असेल तर? कार्ल श्मिट या कायदेपंडितानं १९२२ मध्येच मांडलं होतं की नेहमीचे नियम कधी थांबवायचे हे ज्याच्या हातात, सार्वभौम तोच.

याची परीक्षा झाली १९३२ मध्ये. प्रशिया हे सर्वांत मोठं राज्य, निम्म्याहून जास्त जर्मनी त्यातच. सरकार सोशल डेमोक्रॅटांचं. बहुमत गेलेलं, काळजीवाहू. १७ जुलैला आल्टोनात नाझींच्या मोर्चात दंगल पेटली, १८ माणसं गेली. २० जुलैला चॅन्सेलर पापेननं राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या सहीनं प्रशियाचं सरकारच काढून टाकलं. कारण काय, तर सुव्यवस्था! आणि नाझींच्या गणवेशधारी टोळ्यांवरची बंदी महिनाभर आधी उठवली कुणी? याच पापेननं.

प्रशिया कोर्टात गेलं, लाइपझिगला. केंद्राच्या बाजूनं खुद्द श्मिट. समोर सोशल डेमोक्रॅट आमदारांतर्फे हेर्मान हेलर. त्याचं म्हणणं, निर्णय घेणाऱ्यालाही अधिकार घटनेनंच दिलाय, मग कारण खरं होतं का हे तपासायलाच हवं. २५ ऑक्टोबरचा निकाल म्हणजे ना धड इकडे ना तिकडे: केंद्राचा आयुक्त कायदेशीर, पण राज्यांच्या सभागृहात प्रतिनिधित्व जुन्या सरकारचंच. म्हणजे पोलीस त्यांचे, खुर्ची तुमची. माझ्या मते प्रशिया तिथंच हरलं.

६ फेब्रुवारी १९३३ ला, हिटलर चॅन्सेलर झाल्यावर आठवड्यात, उरलेली खुर्चीही काढली. कलम तेच, ४८. प्रशियाचे पोलीस तोवर गोरिंगच्या हाताखाली. संसदेला आग लागली आणि २८ फेब्रुवारीला सातही हक्क गेले, पुन्हा त्याच कलमानं. मे महिन्यात श्मिट नाझी पक्षात. हेलर नोव्हेंबरात माद्रिदला परागंदा अवस्थेत वारला.

आपल्या संविधान सभेत ह. वि. कामत यांनी १९४९ मध्ये याच वायमारचा दाखला देऊन इशारा दिला होता. २५ जून १९७५ ला राष्ट्रपतींची सही रात्री झाली, मंत्रिमंडळाला कळलं सकाळी. मंत्रिमंडळाचा निर्णय आधी लेखी हवा, ही अट घटनेत आली ती १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं.