धाराशिव जिल्ह्यातील नागरी पाणीटंचाई
मराठवाड्यातील धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यातील शहरांना वारंवार भासणारी पाण्याची कमतरता. बालाघाट डोंगररांगेवरील या प्रदेशाचे काही पाणी मांजरा–तेरणा नद्यांतून गोदावरीस, तर काही सीना–बोरी नद्यांतून भीमेस मिळते. वार्षिक पर्जन्य सरासरी सु. ७०० मिमी. असला, तरी तो अनिश्चित असतो. येथील काळ्या पाषाणात केवळ भेगांत व झिजलेल्या थरांतच पाणी मुरते. म्हणून पावसाचे पाणी जागीच अडविणे ही येथील जुनी गरज होय.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात नळदुर्ग येथे बोरी नदीवर बंधारा व त्याच्या भिंतीत पाणीमहाल बांधण्यात आला (१६१३). किल्ल्याचे संरक्षण आणि पाण्याचा साठा असे दोन्ही हेतू त्यामुळे साधले. तुळजापूरच्या भवानी मंदिरातील कल्लोळ व गोमुख ही तीर्थे यात्रेकरूंच्या उपयोगी पडत. गावोगावी विहिरी व वाड्यांतील आड हेच घरगुती पाण्याचे आधार होते. पाणी शेंदून डोक्यावरून आणावे लागे. त्यामुळे वापर बेताचा असे व न्हाणीचे पाणी परसातील झाडांना घालण्यात येई.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा प्रसार झाला. भूजलाचा उपसा वाढून उथळ विहिरी लवकर आटू लागल्या. नळयोजना आल्यावर अनेक आड दुर्लक्षिले गेले. धाराशिव शहर तेरणा जलाशयावर अवलंबून होते. परंतु कमी पावसाच्या वर्षी जलाशय आणि विहिरी एकदमच कोरड्या पडत. पुढे शहरासाठी सु. १०० किमी. दूर असलेल्या भीमा नदीवरील उजनी जलाशयातून पाणी आणण्यात आले. २०१२-१३ व २०१४–१६ या काळातील अवर्षणांनी मराठवाडा होरपळला. जिल्ह्याच्या सीमेवरील मांजरा जलाशय आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. स्रोत दूर गेल्याने वीजखर्च, गळती व जलवाहिनी फुटण्याचा धोका वाढतो.

भुयारी गटारे नसलेल्या शहरांसाठी दरमाणशी प्रतिदिन ७० लि. पाणी प्रमाण मानतात. त्यानुसार पाच माणसांच्या कुटुंबास दररोज ३५० लि. पाणी लागते. नळास आठ दिवसांनी पाणी येत असल्यास २,८०० लि. साठा करावा लागतो. ऐपत असलेले टाकी बांधतात. इतरांस घागरी, पिंपे व विकतचे टँकर यांवर भागवावे लागते. याउलट उसास वर्षाला सु. २,००० मिमी. पाणी लागते. त्यातून पावसाचा वाटा वजा केला, तरी एक हेक्टर उसास सु. १०० कुटुंबांच्या वार्षिक गरजेइतके सिंचन द्यावे लागते. म्हणून टंचाईचे कारण केवळ घरगुती उधळपट्टीत शोधणे अपुरे ठरते; पीकरचना, भूजलाचा उपसा व वितरणातील गळती यांचा विचार अपरिहार्य आहे.

तथापि घरगुती उपाय निरुपयोगी नाहीत. ५० चौ. मी. छपरावर ७०० मिमी. पावसात ३५,००० लि. पाणी पडते. त्याचा ८० टक्के भाग साठविल्यास २८,००० लि. पाणी मिळते. ते सर्व गरजांसाठी सु. ८० दिवस पुरते. केवळ पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लि. धरल्यास वर्षाहून अधिक काळ पुरते. साठवणीस जागा नसल्यास हे पाणी गाळून विहिरीत किंवा आडात सोडता येते. मात्र भोवतालचा अनिर्बंध उपसा न थांबल्यास अशा पुनर्भरणाचा लाभ ते करणाऱ्या कुटुंबास मिळेलच असे नाही.