हार्डबोर्डाची गिटार

आपल्याकडे फडताळाची पाठ झाकण्यास जो हार्डबोर्ड वापरतात, तोच स्वस्त लाकडाच्या चौकटीवर दोन्ही अंगांनी चिकटवून, कडेने विनाइलची पट्टी ओढून आणि लिपस्टिकच्या धातूच्या नळकांड्यांत चुंबक व तारेचे वेटोळे बसवून, न्यू जर्सीतील नेथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो कारखान्याने 1950 च्या दशकापासून सीअर्स या टपालाने माल धाडणाऱ्या बड्या पेढीकरिता ‘सिल्व्हरटोन’ नाममुद्रेच्या विद्युत् गिटारी तयार केल्या. 1962 च्या सुमारास तर ध्वनिवर्धकही गिटार ठेवण्याच्या पेटीतच बसविलेला मिळू लागला; किफायतीची ही परमावधीच म्हणावयाची.

खरी खोट होती ती घोडीत. तारा शिसवीच्या एकाच आडव्या पट्टीवर टेकत असल्यामुळे वरच्या पडद्यांवर सहाही तारा एकसमयावच्छेदेकरून सुरात राहणे दुर्घट होई. म्हणून जाणकार वादक ती काढून, प्रत्येक तारेस मागेपुढे सरकणारे स्वतंत्र टेकण असलेली धातूची घोडी बसवीत आणि ढिल्या खुंट्याही बदलीत. नळकांड्यांना मात्र सहसा कोणी हात लावीना, आणि ते योग्यच होते, कारण त्यांतून निघणारा स्वच्छ, किंचित् किणकिणता नाद महागड्या वाद्यांतही दुर्मिळ होता. डॅनइलेक्ट्रोचा कारखाना 1969 मध्ये बंद पडला. पुढे स्टीव्ही रे व्हॉन या विख्यात वादकाच्या एका गिटारीत मुद्दाम हीच नळकांडी बसविण्यात आली.