ब्लूबेरी आणि कोल्हारची माती

प्रवरेकाठच्या कोल्हारमध्ये कुणी हौसेने ब्लूबेरीचे रोप आणून परसातल्या काळ्या मातीत लावले, शेणखत घातले, वेळेवर पाणी दिले, तरी ते पिवळे पडून वाळण्याचीच शक्यता जास्त. निगराणी कमी पडली म्हणून असे होते का? हाच प्रश्न अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता.

तिथे ब्लूबेरी हे रानफळ, आपल्या करवंदासारखे. लोक ते रानातून वेचून आणत. झुडूप बागेत लावले तर जगत नसे. १९०६ मध्ये फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग सुरू केले. खत-चुना घातलेल्या सुपीक मातीत रोपे खुरटली. अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या आम्ल मातीत ती जोमाने वाढली. आम्ल जमीन म्हणजे वाईट जमीन, चुना घालून सुधारायची, असे शेतकी शास्त्र तेव्हा सांगत होते. कोव्हिलचा अहवाल १९१० मध्ये निघाला. तो वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना मदत देऊ केली. रानात फळे वेचणाऱ्यांना त्या टपोऱ्या फळांची झुडपे दाखवण्याचे पैसे देत आणि झुडपाला शोधणाऱ्याचे नाव देत. ‘रूबेल’ ही जात अशीच मिळाली. (पारख वेचणाऱ्यांची होती, हे विसरू नये.) १९१६ मध्ये लागवडीची पहिली फळे बाजारात गेली.

आता कोल्हारकडे येऊ. ब्लूबेरीला सामू साधारण ४.५ ते ५.५ लागतो. बेसॉल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीचा सामू ८ च्या आसपास असतो. सामू तीन अंकांनी वाढला म्हणजे आम्लता हजारपट कमी झाली. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, त्याचेही हेच कारण.

मग गंधक घालावे का? मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात खरे. पण २० किलो मातीत ५ टक्के चुनखडी असेल तर ती १ किलो झाली. ती विरघळवायलाच ३२० ग्रॅम गंधक लागेल, आणि सामू त्यानंतर कुठे उतरू लागेल. वर्गात मातीच्या ढेकळावर लिंबू पिळून पाहावे. फसफसले तर चुनखडी आहे.

म्हणून कुंडीच बरी: नारळाच्या भुश्शाचे आम्ल मिश्रण आणि पावसाचे साठवलेले पाणी. विहिरीच्या पाण्यातले क्षार सामू पुन्हा वर नेतात.

थंडीचा प्रश्न उरतोच. उबदार काचघरात हिवाळाभर ठेवलेली झुडपे वसंतात नीट फुटत नाहीत, हेही कोव्हिलनेच दाखवले होते. थोड्या थंडीवर फळणाऱ्या जाती पुढे फ्लोरिडात तयार झाल्या. कोल्हारमध्ये लावायच्याच तर त्याच लावाव्यात.