मराठी ख्रिस्ती भजन आणि खानदेश

देवाची गाणी गाऊन गरजूंसाठी पैसा उभा करणारे गॉस्पेल क्वायर जगभर ओळखीचे झाले, त्यामागे अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातल्या काही विद्यार्थ्यांची पायपीट आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी तेथे 1866 साली फिस्क शाळा निघाली. पाच वर्षांतच ती कर्जात बुडाली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी ऑक्टोबर 1871 मध्ये नऊ गायक विद्यार्थ्यांसह दौरा काढला. त्यांतील बहुतेकांनी गुलामगिरी स्वतः भोगलेली होती. शिकागो शहर नुकतेच आगीत बेचिराख झाले होते. घरची अशी ओढाताण असतानाही या मुलांनी सुरुवातीच्या कार्यक्रमांची मिळकत त्या आपद्ग्रस्तांना देऊन टाकली. पुढे 'फिस्क ज्युबिली सिंगर्स' या नावाने ते इंग्लंडला गेले, 1873 मध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायले आणि त्यांच्या गायनातून उभ्या राहिलेल्या पैशावर शाळेची 'ज्युबिली हॉल' ही भव्य इमारत झाली. त्याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखालचे ज्युबिली गायक 1880च्या दशकाच्या अखेरीस भारतातही येऊन गेले. ते गात ती गुलामांची भक्तिगीते. 'गॉस्पेल' म्हणून आज ओळखला जाणारा, ठेका धरायला लावणारा प्रकार शिकागोत टॉमस डॉर्सी यांच्या हातून 1930च्या दशकात घडला.

मराठी ख्रिस्ती गायनाची वाट याहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात 1616 साली छापले गेले. ते ओवीबद्ध असल्याने लोक ते पुराणासारखे म्हणू शकले. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांनी मात्र वेगळा रस्ता धरला. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 साली मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला सुरू झाले, तेव्हा उपासनेत म्हटली जाणारी गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि चालीही तिकडच्याच. इंग्रजी चाल शब्दातल्या आघातावर चालते, तर मराठी पद्य अक्षरसंख्येवर, मात्रांवर आणि ऱ्हस्वदीर्घावर. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ आखडले जाई. गाव-खेड्यातल्या माणसाला ती गाणी परकी वाटली, यात त्याचा दोष नव्हता.

ही अडचण सोडवली कीर्तनाने. नगर भागातील कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारदीय कीर्तनाचा साचा त्यांना आयता मिळाला: आधी पद आणि निरूपणाचा पूर्वरंग, मग कथा सांगणारा उत्तररंग. आख्यान रामायण-महाभारताऐवजी बायबलमधले घ्यायचे. साथीला झांजा आणि तबला होताच. युरोपातून आलेली बाजाची पेटीही तोवर मराठी माणसाने आपलीशी केली होती. अक्षर न येणाऱ्या श्रोत्यापर्यंत संपूर्ण गोष्ट गाण्यातून पोचवणे क्वायरला साधत नाही, ते कीर्तनकाराला साधले.

या गायनाला उत्तम काव्य दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. त्यांचा जन्म 1861चा. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी बराच काळ नगरच्या मिशनमध्ये काम केले. तुकोबांच्या अभंगात मुरलेला हा कवी ख्रिस्ताविषयी लिहू लागला तेव्हा अभंगच लिहू लागला, आणि मराठी मंडळ्यांना आपल्या जिभेला शोभणारी भजने मिळाली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांच्या रचनांचा आहे. 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

टिळकांचा खानदेशाशी संबंध कवितेतून जुळला. जळगावात 1907 साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या किशोरवयीन मुलाने तेथे आपली कविता म्हणून दाखवली आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. संमेलनाला आलेल्या टिळकांनी त्याला जवळ केले. पुढे नगरला टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्याच्यावरची माया दिसते. 1918 साली जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. टिळकांच्या घरात कविता धर्माचे कुंपण मानत नव्हती, याचे या नात्याहून चांगले उदाहरण नाही.

खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास नगरपेक्षा उशिराचा. पूर्व भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेची ठाणी भुसावळ, चाळीसगाव अशा गावी होती. पश्चिमेकडे नवापूर परिसरात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी आदिवासींमध्ये काम सुरू केले. भुसावळ रेल्वेचे मोठे जंक्शन झाल्याने प्रांतोप्रांतीचे नोकरदार तेथे आले. 

गाण्यातून मदत उभी करणे मराठी मुलखाला शिकवावे लागले नाही. कीर्तन संपल्यावर आरतीचे ताट फिरते, त्यात ज्याला जमेल ते तो टाकतो. नाटकवाल्यांनीही तेच केले: 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. हा फंड लोकमान्यांच्या नावाचा. नाताळात दारोदार फिरून गाणाऱ्या मंडळींना लोक देणगी देतात, तीही याच जातीची रीत. फरक इतकाच, की क्वायरच्या मदतनिधी कार्यक्रमात तिकीट आधी आणि गाणे नंतर, तर कीर्तनात आधी गाणे आणि नंतर ताट. दुसऱ्या पद्धतीत ऐकायला पैसे लागत नाहीत, म्हणून गरिबालाही पुढच्या रांगेत बसता येते.

आज शहरांतील चर्चमध्ये गिटार, कीबोर्ड आणि इंग्रजी-हिंदी गाणी आली आहेत. ती ऐकायला गोड आहेत, पण मराठी वळणाचे टिळकांचे अभंग आणि झांजांवरचे कीर्तन त्यांच्यामागे पडू नये. भुसावळ, चाळीसगाव, नवापूरकडच्या ज्या घरांत भजनांच्या जुन्या वह्या आणि तोंडपाठ चाली अजून असतील, त्या घरच्यांनी त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.