गुहेतला क्रूस

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातली मशीद. मनोऱ्याच्या टोकाला, जिथे पूर्वी क्रूस होता तिथे, अरबीत ‘अल्लाह’ ही अक्षरं. खाली त्याने लिहिलं होतं, ‘मामू, आपण जिंकलो!’

मी त्याला फोन लावला. म्हटलं, “अरे, लढाई कोणाशी होती?”

ती इमारत म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथाचं कापर्नाउम चर्च. १९६१ साली बांधून झालेलं. पुढे उपासक रोडावले आणि २००२ मध्ये ते बंद झालं. आधी एका व्यावसायिकाने ते घेतलं आणि २०१२ मध्ये अल-नूर या मुस्लिम संस्थेने. ही मंडळी तोवर एका तळघरातल्या गॅरेजमध्ये नमाज पढत होती. वास्तू संरक्षित, त्यामुळे बाहेरचं रूप फारसं बदलता आलं नाही. २०१८ मध्ये मशीद उघडली. सगळा व्यवहार रीतसर खरेदीचा. तरी ज्यांची लग्नं त्या छपराखाली लागली, त्यांच्या पोटात कालवलं नसेल असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे असे बदल खरेदीखताने क्वचितच झाले. आमच्या मीरा-भाईंदरच्या हद्दीत घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तिथे चर्च उभारलं. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली आणि पुढे इंग्रजी अमदानीत त्याच चर्चचा साहेबांना उतरायचा बंगला झाला. जिथे भाविक गुडघे टेकत, तिथे साहेब नाश्त्याला अंडी खात असणार. त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचं मात्र ऐकिवात नाही.

एका रविवारी भाच्याला घेऊन मी बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यात गेलो. मीरा रोडहून दोन स्टेशनं. हे मूळ शिवाचं लेणं, दीडेक हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेलं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना देऊन टाकली. तह सुलतानाचा, देऊळ शंकराचं आणि ताबा पाद्र्यांचा! १५४०च्या दशकात फ्रान्सिस्कन पंथाच्या आंतोनियो द पोर्तो यांनी लेण्यात मेरीमातेचं चर्च केलं. साधारण त्याच सुमाराला तिकडे जर्मनीत म्हातारा ल्यूथर रोमच्या पोपविरुद्ध अखेरची पुस्तकं लिहीत होता. लेण्याच्या डोक्यावर पाद्र्यांनी विद्यालय बांधलं. त्याच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पाद्र्यांचा अंमल संपला आणि शंकर आपल्या घरी परतला. आज ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि पूजाही चालते.

आत नटराजाचं शिल्प आहे, बरंच झिजलेलं आणि तुटलेलं, तरी नाच थांबलेला नाही. बाहेर एका भिंतीवर मोठा क्रूस आहे. जुनी मूर्ती तासून त्याच दगडात तो कोरला आहे. भाचा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

“मामू, मराठ्यांनी हा काढला का नाही?”

“काढला असता तर पुन्हा दगडच तासावा लागला असता. आधीची मूर्ती काही त्यातून परत आली नसती.” हे माझं कवीचं उत्तर, इतिहासाचा पुरावा म्हणून घेऊ नका.

तेवढ्यात एक बाई बेलाची पानं घेऊन आल्या. आम्ही वाट देण्यासाठी बाजूला सरकलो, तर नेमके क्रूसाला टेकलो.

परतीच्या लोकलमध्ये भाच्याने विचारलं, “हॅम्बुर्गच्या त्या चर्चमधले जुने लोक मशीद बघायला येत असतील का?”

मी म्हटलं, “जर्मनीत दर वर्षी ३ ऑक्टोबरला मशिदी सगळ्यांसाठी उघड्या ठेवतात. त्या दिवशी येत असतील.”