अस्सल, तालीक आणि मृत्यूचा दाखला

मराठेशाहीतील इनामपत्रांच्या अखेरीस एक ठरावीक सूचना वारंवार आढळते. पत्राची तालीक, म्हणजे प्रत, उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदारास परत द्यावे, असा तिचा आशय. अस्सल हक्कदाराच्या घरी व नक्कल दप्तरी, अशी ही वाटणी होती. आज घरातील माणूस वारल्यानंतर दाखल्यासाठी कचेरीत जाणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला नेमकी उलट वाटणी येते. नोंदवहीतील मूळ नोंद निबंधकाच्या ताब्यातून बाहेर पडत नाही. आप्तांच्या हाती पडते ती तिची प्रमाणित नक्कल.

या उलटापालटीचे कारण नोंदीच्या स्वरूपातच आहे. इनामपत्र कोणाला तरी उद्देशून लिहिलेले असे. मृत्यूची नोंद कोणासही उद्देशून नसते. पूर्वी वतनदार वारल्याचे गावास ठाऊकच असे. वारसाहक्काचा तंटा उपस्थित झाला, तर गोतसभा साक्षी घेऊन महजर करी आणि त्यात मृत्यूचा उल्लेख येई तो हक्काची एक पायरी म्हणून. मृत्यू स्वतंत्रपणे टिपून ठेवण्याची निकड एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी राज्यास भासली, ती मुख्यत्वे सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबासाठी. शोकाकुल कुटुंबाची सोय हा तिचा हेतू नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सक्तीच्या विलगीकरणाच्या धास्तीने लोक मृत्यू लपवू लागले, हे पाहता त्या वहीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता हे ध्यानी येते.

वहीला पुराव्याचे मोल आले ते वेगळ्या वाटेने. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ७६ व्या कलमाने सार्वजनिक दस्तऐवज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यावर एक कर्तव्य लादले : ज्यास तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे त्याने मागणी करून फी भरल्यास नक्कल द्यावी, ती खरी असल्याचे तिच्याखाली लिहावे, तारीख, नाव व हुद्दा घालून सही करावी. अशी नक्कल मूळ दस्तऐवजाच्या मजकुराचा पुरावा म्हणून चाले. १८८६ च्या कायद्याने केलेली नोंदणी ऐच्छिक होती. मृत्यूची नोंद देशभर एका कायद्याखाली सक्तीची झाली ती १९६९ च्या अधिनियमाने. त्याच्या १७ व्या कलमाने नोंदवहीतील उताऱ्यास हीच ७६ व्या कलमाची रीत लावली. पुराव्याचा जुना कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, तरी त्याच्या जागी आलेल्या कायद्यात ही तरतूद टिकून आहे.

येथे शब्दांकडेही पाहिले पाहिजे. ‘दाखला’ हा अरबी ‘दाखल’शी नाते सांगतो, आत घेतलेले, नोंदलेले ते दाखल. ‘नक्कल’ही अरबीच. परंतु मराठीत तिला सोंगाचाही अर्थ चिकटल्याने ‘खरी नक्कल’ हा कचेरीतील शिक्का परक्यास वदतोव्याघात वाटावा. व्यवहारात अधिक घोटाळा होतो तो ‘साक्षांकित’ आणि ‘प्रमाणित’ या दोन शब्दांत. घरच्या दाखल्याची झेरॉक्स राजपत्रित अधिकाऱ्याने पाहून सही केली की ती साक्षांकित प्रत होते. त्या अधिकाऱ्याने मूळ वही पाहिलेली नसते. प्रमाणित नक्कल मात्र वही ज्याच्या ताब्यात आहे तोच देतो. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सातबारावरील वारसनोंद अशा प्रत्येक ठिकाणी कोणती प्रत लागते हे आधी न विचारल्यास दुःखातल्या माणसास तीच पायपीट पुन्हा करावी लागते. प्रारंभीच चार नकला मागून घेणारे कुटुंब शहाणेच म्हटले पाहिजे.

नक्कल खरी असली तरी संपूर्ण नसते. मृत्यूचे कारण वहीत असले तरी कोणासही दिलेल्या उताऱ्यात ते उघड करू नये, असे १७ वे कलम सांगते. आरोग्यखात्यासाठी जे सर्वांत महत्त्वाचे तेच आप्तांच्या कागदावर नसते. चूक मात्र नकलेत तंतोतंत उतरते. ‘बाळकृष्ण’ऐवजी ‘बाळू’ पडले, तर प्रत्येक प्रत बाळूच्याच मृत्यूची साक्ष देते. १५ व्या कलमानुसार दुरुस्ती करावयाची ती मूळ नोंदीस हात न लावता, समासात. जुन्या दप्तरदारांनाही ही शिस्त पसंत पडली असती.

१ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने दाखला इलेक्ट्रॉनिक रूपातही मिळू लागला. त्याच वर्षी महाराष्ट्रात लोकांची दृष्टी वळली ती मात्र सर्वांत जुन्या वह्यांकडे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा गाव नमुना १४, अर्थात ‘कोतवाल बुक’, मोलाचे ठरले. मृताच्या नावापुढे सहज लिहिलेली जात पणतवंडांना हवी झाली. यांतील कित्येक नोंदी मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही. त्यामुळे अशा नोंदीचा देवनागरी उतारा देताना नाव कोठे संपते आणि जात कोठे सुरू होते, हे प्रथम वाचणाऱ्यास ठरवावे लागते. ‘खरी नक्कल’ हा शिक्का त्यानंतर उमटतो.